पोटमाळ्यावरची न नेलेली भांडी : काय करू?

बोहारीण
नमस्कार मंडळी. वाचते बऱ्याच वर्षांपासून, लिहितेय पहिल्यांदा. सांभाळून घ्या.

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. नाव लिहीत नाही, कळणाऱ्यांना पुढच्या ओळीत कळेल. दारात उलटं घंगाळ, त्यावर गोणपाटाची घडी आणि त्या घडीवर माझे सासरे. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून मीही अण्णाच म्हणायचे. गेल्या महिन्यात अण्णा गेले. शेवटचे आठ दिवस घरी होते, तेव्हाही रोज रात्री "गल्ला जुळला का" विचारायचे. जुळला म्हटलं की "मग कुठेतरी चुकलीस" म्हणायचे.

दिवसकार्य आटोपून दुकान उघडलं आणि मी पहिल्यांदा पोटमाळ्यावर चढले. अण्णा असताना वर जायची कुणाला परवानगी नव्हती. शिडीला साखळी घालून कुलूप लावायचे. मला वाटायचं, वर ठेवणीतला माल असेल. माल नव्हता. कल्हईला, डाग द्यायला, पोचा काढायला, नाव घालायला लोकांनी दिलेली आणि परत न्यायला कुणी न आलेली भांडी होती. ४१ नग. प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची. गिऱ्हाइकाचं नाव क्वचितच. चार चिठ्ठ्या जशाच्या तशा देते :

"बंब. तोटी गळते. काळारामाच्या मागचे मास्तर. तोटी बदलली. घाई नाही म्हणाले."

"कळशी २. कल्हई. मायलेकी. दुकानात भांडण."

"परात. पोचा काढला. पैसे आले आहेत, पुन्हा मागू नये."

"गडू. नाव थांबवले. विचारून पुढे."

नवरा म्हणतो मोडीत घाल. सासूबाई म्हणतात हात लावू नकोस. पोटमाळ्याच्या फळ्या वाळवीने खाल्ल्या आहेत, त्यामुळे खाली तर काढावीच लागणार. तुम्ही काय केलं असतं? आणि अण्णांना ओळखणारं कुणी असेल तर तेही लिहा. घरात सध्या आम्ही सगळे त्यांच्याबद्दल जरा जास्तच गोड बोलतोय.

सिडकोवाला
मोड. वजनावर. प्रश्न मिटला.

पंचवटी एक्सप्रेस
उलटं घंगाळ वाचलं आणि ओळखलं. आधी श्रद्धांजली.

माझ्या बहिणीच्या लग्नात आई आणि मी रुखवताची भांडी घ्यायला गेलो होतो. आईने काशाचं ताट मागितलं. अण्णांनी दोन ताटं काढली, दोन्ही दिसायला सारखीच. म्हणाले, "डोळे मिटा." बोटांच्या चिमटीत ताट लोंबतं धरून नखाने टिचकी मारली. एक ताट वाजलं ते वाजतच राहिलं, बाजूचा सायकलवाला वळून बघेपर्यंत. दुसरं टक् करून गप्प. "पहिलं कासं, दुसरं पितळ. पितळेला काशाच्या भावात विकणारे इथून चाळीस पावलांवर आहेत, पण मी दिशा सांगणार नाही."

मग आईला तंबी, की कासं पडलं तर पोचत नाही, तडकतं, मुलीला सांगून ठेवा. अर्धा तास माहिती दिली आणि शेवटी म्हणाले, तुमच्या बजेटात हे बसत नाही, काशाची वाटी तेवढी न्या, तळपायाला तूप चोळायला कामाला येईल. ती वाटी अजून बहिणीकडे आहे.

चकलीचा सोऱ्या
आयडी भारी घेतला आहेस बोहारीण ताई! अण्णांना चालला असता का?

बोहारीण
@सोऱ्या, अजिबात नाही. जुन्या साडीवर स्टीलचा डबा देणारी बोहारीण गल्लीत शिरली की अण्णा पाठ फिरवून बसायचे. एकदा सासूबाईंनी गुपचूप दोन पँटवर एक चाळणी घेतली होती. ती अण्णांना सापडली. चार दिवस चहा गाळला नाही घरात.

काळा कोट
सिडकोवाले, एवढं सोपं नाही ते.

दुरुस्तीला दिलेली वस्तू दुकानदाराच्या मालकीची होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये यावर अख्खं प्रकरण आहे. कलम १४८ पासून वाचा. अमुक कामासाठी वस्तू ताब्यात दिली, काम झालं की ती परत करायची, असा तो व्यवहार. मजुरी मिळाली नसेल तर कलम १७० प्रमाणे कारागिराला वस्तू अडवून ठेवायचा हक्क आहे. अडवून ठेवायचा, विकायचा नव्हे. कल्हईचे पैसे थकले म्हणून कळशी मोडीत घालायची मुभा त्या कलमात नाही.

व्यवहारात इतक्या वर्षांनी कोण दावा लावणार, हा भाग वेगळा. तरी दुकानाबाहेर पाटी लावा, फोटो काढून यादी करा, ठरावीक मुदत द्या. आणि चिठ्ठ्या फेकू नका. त्या चिठ्ठ्या म्हणजे तुमचा पुरावा.

सिडकोवाला
वकीलसाहेब, दोन कळशांसाठी कलम १७०? फी किती घेणार?

काळा कोट
एक पितळी डबा. कल्हई करून.

खडूस
सगळे गोडच लिहिणार हे माहीत होतं. ताईंनी स्वतःच विचारलंय म्हणून लिहितो.

माझी आई तुमच्याकडे पातेल्यांना कल्हई करायला गेली होती. मी सातवी-आठवीत असेन, सोबत होतो. अण्णांनी पातेलं उजेडात धरलं, आत बोट फिरवलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तारेच्या काथ्याने घासता? असल्या हातात पितळ देऊ नये." आई काही बोलली नाही. पातेली उचलली आणि निघाली. दहीपुलापर्यंत माझा हात इतका घट्ट धरला होता की दुखत होता. पुढच्या महिन्यात घरात सगळं अ‍ॅल्युमिनियम आलं. त्या बाजारात ती पुन्हा गेली नाही.

घरी मोलकरीण नव्हती, पाणी यायचं पहाटे चारला. काथ्याने घासणार नाही तर काय करणार? ज्ञान होतं तुमच्या सासऱ्यांना, वाद नाही. ते द्यायची पद्धत नव्हती.

बोहारीण
@खडूस, हे अण्णाच. तिळमात्र शंका नाही. मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात "हिला समई आणि पणती यातला फरक कळत नाही" म्हणाले होते, पाहुण्यांसमोर. मी तीन दिवस बोलले नव्हते. चौथ्या दिवशी समई कशी उकलायची आणि पिळाचे आटे कसे बसवायचे ते शिकवलं. माफी वगैरे नाही, शिकवलं. तुमच्या आईंना तेही मिळालं नाही. वाईट वाटलं वाचून.

नवसागर
निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक बोलतोय, जरा लांबेल.

काथ्याचा राग का यायचा ते सांगतो, म्हणजे बोलण्याचं समर्थन नव्हे. कल्हई म्हणजे कथलाचा पातळसा थर. कथील २३२ अंशांना वितळतं आणि तांबं १०८५ अंशांना, म्हणून भांडं नुसतं तापवून त्यावर कथील पसरता येतं. भांडं भट्टीवर फिरवायचं, आत नवसागराची पूड टाकायची. भसकन पांढरा धूर निघतो, तो आतला मळ आणि गंज काढतो. लगेच कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेलं कथील सगळीकडे फिरवायचं. मग पाण्यात चुर्र. एवढा पातळ थर तारेच्या काथ्यासमोर किती टिकणार? आणि तो गेला की आंबट पदार्थ थेट पितळेला लागतो. ताक, चिंचेची आमटी हिरवट होते, तोंडात धातूची चव येते. आपण म्हणतो "कळकलं", ते हेच.

आता अण्णांची आठवण. माझ्या वर्गाला दाखवायला मला शुद्ध कथील हवं होतं. ते म्हणाले, "कानाशी धरा." कांडी माझ्या कानाजवळ नेऊन हळूच वाकवली. आतून करकर आवाज आला, कोवळी काकडी मोडावी तसा. "हे बोलतं. शिसं मिसळलं की मुकं होतं." मी एमएस्सी झालेला, पुस्तकात वाचलं होतं, कथलाच्या आतले स्फटिक सरकतात आणि आवाज होतो. ऐकलं पहिल्यांदा त्या घंगाळाशेजारी. दुसरी परीक्षा त्याहून सोपी. कागदावर कांडी घासायची, पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर शिसं आहे, परत करा.

पुढे दर वर्षी नववीच्या वर्गात मी तो आवाज ऐकवला. कांडीचे पैसे त्यांनी घेतले होते, हेही नोंदवतो.

चकलीचा सोऱ्या
वाचनखूण साठवली सर. "मुकं होतं" वाचून काटा आला.

आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा तेव्हा आम्ही पोरं भात्याच्या मागे नंबर लावायचो. भाता ओढायला मिळणं म्हणजे चैन होती. त्या धुराने खोकला यायचा, तरी हलायचो नाही.

न्यू जर्सीचा नाशिककर
ताई, ४१ नगांचा सगळा लॉट मी घेतो. इथे अँटिक ब्रासला मरणाची किंमत आहे. शिपिंग माझं. बंबात मनी प्लांट काय दिसेल!

सिडकोवाला
बंबात मनी प्लांट. अण्णा परत येतील.

जुनी नाशिककर
बंबात मनी प्लांट लावणाऱ्यांनो, त्या बंबाने आमच्या घरातली नऊ माणसं आंघोळीला जायची. मधल्या नळीत चिपाडं, गोवऱ्या घालायच्या, खालच्या जाळीतून राख काढायची, वरून एक तांब्या गार पाणी ओतल्याशिवाय तोटी उघडायची नाही. नियम मोडला की शेवटच्या माणसाला गार पाण्याची आंघोळ. शेवटची मीच असायचे.

इडलीपात्र
अवांतर : पितळेच्या कढईत केलेली भाजी इंडक्शनवर होत नाही, त्याला काही उपाय आहे का?

पंचवटी एक्सप्रेस
आहे. गॅस.

इडलीपात्र
धन्यवाद. उपयुक्त माहिती.

पिंपळगावकर
द्राक्षाची छाटणी सोडून हे वाचत बसलोय भो.

अण्णांना मी रंगपंचमीला पाहिलंय. तिवंधा चौकातली रहाड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नाशकात जमिनीत दगडी हौद आहेत, पेशव्यांच्या काळापासूनचे. एरवी फळ्या टाकून मातीखाली बुजवलेले असतात, वरून रहदारी चालू. रंगपंचमीला उघडायचे, रंगाचं पाणी भरायचं आणि वरून उडी. तिवंध्याचा रंग पिवळा. अण्णांचं वय तेव्हा साठीच्या वर असणार. धोतर खोचलं आणि मारला ना भो धप्पा! अर्धं पाणी बाहेर. निथळत वर आले ते नखशिखांत पिवळेजर्द. कुणीतरी ओरडलं, "अण्णा, चिंच लावून घासले का आज?" म्हणाले, "घासायला कशाला लागतं, माल अस्सल आहे."

जुनी नाशिककर
हाहाहा. हो, अण्णा दर वर्षी उडी मारायचे. मग दोन दिवस कानात पाणी गेलं म्हणून सगळ्यांवर खेकसायचे.

हातोडा
लिहू की नको, दोन दिवस विचार करतोय.

माझे वडील त्या दुकानात कारागीर होते. मठारकाम आणि नावं घालणं. मठारणं म्हणजे हातोडीने ठोके मारत भांडं घडवणं. ठोका शेजारी ठोका, रांगेत. नुसती नक्षी नसते ती, ठोकल्याने पत्रा कडक होतो, मग पातळ भांडंही पटकन पोचत नाही. रोज आठ-नऊ तास. वडिलांचे दोन्ही कान त्यात गेले. पन्नाशी उलटायच्या आत. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच तांबटांचे तसे. आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलतो, पाहुण्यांना वाटतं भांडण चालू आहे.

अण्णांनी पगार कधी थकवला नाही. दिवाळीला कपडे, माझ्या बारावीची फी, आजारपणात पैसे, सगळं केलं. पण पगार वाढवून मागितला की म्हणायचे, "अरे तू घरचा आहेस." घरचा म्हटलं की वाढ मागता येत नाही. कानाच्या मशीनचंही "बघू" म्हणाले आणि ते बघणं राहून गेलं. मी नोकरीला लागल्यावर मशीन घेतलं, तोवर डॉक्टर म्हणाले फार उपयोग नाही.

वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. वडील त्यांच्या अंत्ययात्रेला अमरधामपर्यंत चालत गेले. मी रिक्षा केली होती, बसले नाहीत.

खडूस
@हातोडा, दंडवत. माझ्या प्रतिसादापेक्षा तुमचा खरा.

बोहारीण
@हातोडा, तुम्ही कोण ते कळलं. तुमच्या वडिलांचा हातोडा अजून त्याच खुंटीला आहे. अण्णांनी नंतर त्या जागेवर कुणाला बसवलं नाही, आणि मशीनच्या पैशाबद्दल घरात कधी बोललेही नाहीत. मला आजच कळलं. इथे यावर मी काय लिहिणार? फोन करते.

इडलीपात्र
धागा भरकटतोय का? भांड्यांचं काय ठरलं?

काळा कोट
भरकटू द्या हो. पण मला एक विचारायचंय. भांडी बाजारात पूर येतो. २००८ ला आला, २०१६ ला आला, २०१९ ला आला. गंगेला (म्हणजे आपल्या गोदावरीला) पाणी वाढलं की सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजार ठरलेले. मग या चिठ्ठ्या वाचल्या कशा?

बोहारीण
याचं उत्तर मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी तिथे होते.

२ ऑगस्ट २०१६. सकाळपासून कोसळत होता. आमच्याकडे पुराचं माप म्हणजे दुतोंड्या मारुती, नदीपात्रातली दोन तोंडांची मारुतीची मूर्ती. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की खालच्या टपऱ्या हलतात, कमरेला लागलं की आम्ही फळ्या काढतो, पुढे गेलं की देवाचं नाव. त्या दिवशी अंदाजच चुकला. नदीचं पाणी यायच्या आधी गटारांचं उलटं आलं. मी आणि नवरा खालचा नवा माल उचलायला लागलो. समया, अभिषेकपात्रं, नुकतीच आलेली पाच पेट्या तामणं. अण्णा ओरडले, "ते नाही, आधी कोपऱ्यातलं." कोपऱ्यात गिऱ्हाइकांची दुरुस्तीला आलेली भांडी असायची. मी म्हटलं, अण्णा, नवा माल लाखाचा आहे. म्हणाले, "तो आपला आहे. बुडला तर आपला बुडेल."

मग आम्ही साखळी केली. नवरा शिडीवर, मी मधे, अण्णा खाली गुडघाभर पाण्यात. जुनेपाने बंब, चेपलेल्या पराती, कुणाचं कान तुटलेलं पातेलं वर गेलं. आमच्या पेट्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी गाळ उपसला तेव्हा तामणं निघाली, पण खोकी, पॉलिश सगळं गेलेलं. पितळ पाण्याने वाया जात नाही म्हणा, धुऊन निघतं. पण नवं म्हणून विकता येत नाही. त्या वर्षी दिवाळीला आम्ही ते अर्ध्या किमतीत काढलं, आणि लगेच पाठोपाठ नोटाबंदी. मी तेव्हा मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या त्यांना, खोटं कशाला बोलू.

शिडीचं कुलूप त्या पुरानंतरचं. मी कधीतरी चिडून ती भांडी मोडीत घालेन असं वाटत असणार त्यांना. चूक नव्हतं वाटणं.

काळा कोट
कलम १५१. दुसऱ्याची वस्तू ताब्यात असेल तर सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची. कायदा इतकंच मागतो. स्वतःचा माल बुडू देऊन गिऱ्हाइकाचा वर चढवा, असं कायदा सांगत नाही. तुमच्या यजमानांनी त्या दिवशी हरकत घेतली असती तर खटला ते जिंकले असते.

सिडकोवाला
माझा मोडीचा प्रस्ताव मागे घेतो. दुकान कधी उघडं असतं?

जुनी नाशिककर
बोहारीण, तो गडू. "नाव थांबवले." त्यावर काही आहे का? चार चिठ्ठ्यांत तीच डोक्यात राहिलीय.

बोहारीण
आज उजेडात बघितला. तांब्याचा गडू, मठाराचा. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घालायला घेतलंय. "सौ." एवढंच आहे. पुढे एक उभी रेघ, अक्षर सुरू करून सोडल्यासारखी. बस. चिठ्ठीवर गाव, ओळख काहीच नाही.

पंचवटी एक्सप्रेस
पैसे कमी पडले असतील? पूर्वी अक्षरावर पैसे घेत.

चकलीचा सोऱ्या
किंवा नवऱ्याचं नाव घालायचं की माहेरचं, यावरून वाद.

जुनी नाशिककर
नाही रे बाळांनो. "सौ." घालून झालं आणि मधेच कळलं की आता ती "सौ." राहिली नाही. अशा वेळी कोण येतंय गडू न्यायला?

चकलीचा सोऱ्या
...

खडूस
बरोबर आहे हे.

इडलीपात्र
आता असतं तर म्हटलं असतं, सौ. घासून काढा आणि नुसतं नाव घाला. नाव तर तिचंच होतं.

हातोडा
वडिलांना विचारलं. ऐकू येत नाही, वहीत लिहून विचारावं लागतं. "सौ. घालून सोडलेला गडू" एवढं लिहिलं. त्यांनी लगेच मान हलवली. ते बोलले ते लिहितो.

गडू नवऱ्यानेच टाकला होता नाव घालायला, मंगळागौरीसाठी. वडील दुपारी काम करत बसले होते, तेवढ्यात तिचा भाऊ दुकानाच्या दारात आला, अण्णांशी हळू काही बोलला आणि गेला. अण्णांनी येऊन वडिलांच्या हातातली छिन्नी धरली. तोपर्यंत "सौ." घालून पुढचं अक्षर नुकतं सुरू झालेलं. वडील म्हणाले, घासून काढतो. अण्णांनी अंगठ्याने आतून पत्रा चाचपून बघितला आणि म्हणाले, "काढलं तर तिथे पातळ होईल. उद्या त्याच जागेवर गळेल आणि बाईला तेच ठिकाण दिसेल. राहू दे. ती काय म्हणते ते विचारून करू." ती आली नाही. अण्णा वर्ष-दोन वर्षांनी एकदा वडिलांना विचारायचे, "त्या गडूचं कुणी आलं होतं का रे, मी जेवायला गेलो तेव्हा?"

वडिलांना नाव आठवतं. तिचं. मी इथे लिहीत नाही. बाई असतील तर ऐंशीच्या पुढे असतील. माहेर पंचवटीत होतं एवढं त्यांना माहीत आहे.

जुनी नाशिककर
नाव मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. पंचवटीतल्या ऐंशीच्या पुढच्या बायका मला माहीत नसतील तर माझ्या भिशीला माहीत असतील.

बोहारीण
@हातोडा, वडिलांना गुरुवारी दुकानात घेऊन या. चालत नाही, रिक्षाने. गडू मी काउंटरवर काढून ठेवलाय. सासूबाईंनी चिंच-मिठाने घासायला घेतला होता, "सौ."पाशी हात थांबला. म्हणाल्या, आधी त्या बाईंना विचारा.

बाकीच्यांचं असं ठरवलंय : वकीलसाहेब म्हणतात तशी पाटी लावतेय, फोटो आणि चिठ्ठ्या रविवारी इथेच टाकते. ओळख पटवायची असेल तर पोचा कुठे होता ते सांगावं लागेल. न्यू जर्सी, तुम्हाला एकही मिळणार नाही. @खडूस, तुमच्या घरात ती पातेली अजून असतील तर आईंना घेऊन या. कल्हई मी स्वतः उभी राहून करून घेते. काथ्याचा विषय निघणार नाही.

खडूस
दोन आहेत. माळ्यावर. आईला विचारतो, "त्या बाजारात" म्हटल्यावर काय म्हणते बघू.

न्यू जर्सीचा नाशिककर
फोटो टाका तरी. काळारामाच्या मागचे मास्तर म्हणजे माझे आजोबा असू शकतात. ते मास्तर होते आणि त्यांना कशाचीच घाई नसायची.

बोहारीण
तोटी डाव्या बाजूला होती की उजव्या?

न्यू जर्सीचा नाशिककर
बंबाला डावी-उजवी बाजू असते?

जुनी नाशिककर
याला देऊ नका.